फटफटीवरची पडशी

आमच्या लहानपणीं प्रवास म्हटला कीं सामानाची चिंता करण्याचें काम वडील माणसांचें असे. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढें बरोबर घेतलें कीं काशीपर्यंत जावें. पुढें आमच्या हातीं फटफटी आली, आणि सामानाचा प्रश्न गृहशास्त्रांतून निघून थेट पदार्थविज्ञानांत शिरला. दोन चाकांवर कसाबसा तोल सांभाळणाऱ्या वाहनावर काय ठेवावें, कोठें ठेवावें व कशांत ठेवावें, याचा विचार न करितां निघालेला मनुष्य पहिल्याच घाटांत शहाणा होतो. आम्हीही तसेच शहाणे झालों. परंतु ज्या प्रवासानें तें शहाणपण पुरतें पदरांत पडलें, तो साधा सहलीचा प्रवास नव्हता. त्या खेपेस आमच्या पडशींत देव होते.

हकीकत अशी. आमचें मूळ घर गुहागरच्या अलीकडील एका लहानशा गांवीं. १९८३ सालीं वाटणी झाली तेव्हां घर व आगर थोरल्या काकांकडे राहिलें, आणि देवांचें पंचायतन, आजोबांच्या शब्दाखातर, आमच्या वडिलांबरोबर पुण्यास आलें. नर्मदेंतील बाण, गंडकींतील शाळिग्राम, शोण नदींतील तांबडा गणपति आणि त्यांच्या संगतीचे आणखी दोन पाषाण. पांचही मिळून एका तळहातावर मावतील एवढे. जमिनीची वाटणी काकांनीं हंसत मान्य केली होती. पण देव गेले, हें त्यांच्या मनाला लागलें तें कायमचें. कार्यांच्या पत्रिका येत-जात राहिल्या, माणसें मात्र येईनाशीं झालीं. काका गेले, वडीलही गेले. २०२२ सालच्या ज्येष्ठांत आमची आई, तेव्हां चौऱ्याऐंशी वर्षांची, एके सकाळीं देवघरांतून उठतां उठतां म्हणाली, “आतां माझ्यानं पूजा होत नाहीं, आणि तुम्ही पूजा उरकतां, करीत नाहीं. तिकडे पुतण्या नोकरी सोडून घरीं राहायला गेलाय. आषाढीच्या आंत देव आपल्या घरीं जाऊं देत.” काकूंना दूरध्वनीवर विचारलें. पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग एवढेच शब्द आले, “आणा. कोरडे आणा.”

त्या वर्षीं आषाढी एकादशी १० जुलैला होती. म्हणजे भर पावसांत कुंभार्ली घाट उतरणें आलें. घरची मोटार त्या पंधरवड्यांत चिरंजीवांकडे बंगळुरास होती. एस्‌. टी. नें जावें तर आईची हरकत, कीं देव आसनाखालीं ठेवाल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागतील. शेवटीं तिनेंच निकाल दिला, “तुमच्या फटफटीवरून न्या. पण देव तुमच्या डोळ्यांसमोर राहिले पाहिजेत.” आमच्या वयाची अठ्ठावन्न वर्षें उलटलीं होतीं, त्यांपैकीं तीस दोन चाकांवर गेलीं होतीं. तरीही फटफटीवर सामान कसें न्यावें याचा खरा अभ्यास आम्हीं त्या दिवसापासून आरंभिला.

बाजारांत ज्यास ‘सॅडलबॅग’ म्हणतात ती वस्तु आपल्या लोकांस नवी नाहीं. घोड्याच्या पाठीवर दोहों अंगांस लोंबते ती खुर्जी. माणसाच्या खांद्यावरून पुढेंमागें पडते ती पडशी. आणि बैलाच्या पाठीवर असते ती गोणी. गाडीरस्ते होण्यापूर्वीं कोंकणांतलें मीठ वर चढे आणि देशावरचें धान्य खालीं उतरे, तें लमाणांच्या बैलांवरून, याच सह्याद्रीच्या घाटांनीं. दोन्ही अंगांच्या गोण्या सारख्या वजनाच्या नसल्या तर बैलाची पाठ सोलून निघे आणि त्याचा झोंक नेमका दरीकडे जाई. इंग्रजी ‘पॅनिअर’ हा शब्दही मूळचा लॅटिन भाषेंतील भाकरीच्या टोपलीचा. तात्पर्य, जनावर बदललें तरी शास्त्र तेंच आहे: ओझें खालीं असावें, अंगालगत असावें आणि दोहों बाजूंस समान असावें.

आमच्या मनांत प्रथम भरली ती चामड्याची पडशी. तपकिरी रंग, पितळी बकलें, आणि जुन्या घोडदळाची आठवण करून देणारा डौल. नाना पेठेंत, जेथें पुण्याच्या अर्ध्या फटफट्यांचे सुटे भाग मिळतात, ती पाहून आम्ही घरीं आलों व सहज बोलून गेलों. आई म्हणाली, “चामड्यांत देव?” आम्हीं वकिली केली कीं मृगाजिन तरी चामडेंच नव्हे काय? ती शांतपणें म्हणाली, “मृगाजिनावर आपण बसतों. देव बसत नाहींत.” या उत्तरापुढें आमची वकिली संपली. पुढें कळलें कीं सोंवळें बाजूस ठेवलें तरी निकाल हाच योग्य होता. चामडें पावसांत पाणी पितें, जड होतें, आकार सोडतें, आणि नीट वाळवून तेल न दिल्यास आठवडाभरांत बुरसतें. कोंकणच्या आषाढांत ती पडशी आम्हांलाच खांद्यावरून वाहावी लागली असती.

दुसरा प्रकार कठीण पेट्यांचा. ॲल्युमिनियमच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या या पेट्या लोखंडी सांगाड्यावर चाकाच्या दोहों बाजूंस बसतात; तिसरी मागें आसनाच्या शेवटीं. त्यांचे गुण उघड आहेत. त्यांना कुलूप लागतें, पाऊस आंत येत नाहीं, आणि चहासाठीं थांबलें असतां मन गाडीपाशीं अडकून राहत नाहीं. दोष मात्र विचार केल्यावांचून दिसत नाहींत. या पेट्या हँडलच्या रुंदीबाहेर गेल्या तर चालकास आपण किती रुंद आहों याचा विसर पडतो आणि गर्दींत दुसऱ्याच्या गाडीस पेटी घांसते. चिखलांत गाडी आडवी झाली तर मऊ पिशवी दबते. कठीण पेटी दबत नाहीं, आणि तिच्याखालीं पाय सांपडण्याचें भय असतें. मागल्या पेटीची गोष्ट आणखी निराळी. ती मागील चाकाच्या आंसाच्याही पलीकडे उंचावर असते. तींत जड वस्तु भरल्या कीं पुढलें चाक हलकें होतें आणि वेग घेतांच हँडल थरथरूं लागतें. त्या पेटींत हलक्या वस्तूच ठेवाव्या. हौसेनें भरलेली लोणच्याची बरणी तेथें कधींही ठेवूं नये.

यापुढें गणित. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेंत ती एकूण किती भार वाहूं शकते तें दिलेलें असतें, आणि त्या भारांत माणसेंही धरलेलीं असतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या गाडीस १८० किलो भार चालतो. आम्ही ७४ किलो, सौभाग्यवती ६१ किलो. म्हणजे १३५ किलो येथेंच गेले. शिरस्त्राणें, पावसाळी कोट, बूट व हत्यारें यांचे ८ किलो धरले तर उरले ३७. कठीण पेट्यांची जोडी व सांगाडा मिळून पंधरा किलोंच्या घरांत जातात. मग सामानासाठीं राहिलें काय? रिकाम्या डब्याचेंच ओझें वाहण्यासाठीं आम्ही कोंकणांत जाणार नव्हतों. मऊ पिशव्यांची जोडी चार किलोंत भागते, म्हणून आम्हीं मऊ पिशव्या पत्करल्या.

परंतु मऊ पिशवी कोठेंही टेकते, आणि फटफटीच्या उजव्या अंगास धूर सोडणारी नळी तापलेली असते, हें आम्ही जाणून होतों तरी अनुभवल्यावांचून राहिलों नाहीं. सिंहगडापर्यंत एक परीक्षेची फेरी केली. परत आलों तों उजव्या पिशवीच्या तळाला रुपयाएवढें भोंक पडलेलें, आणि आंतला टॉवेल तांबूस झालेला. दोष पिशवीचा नव्हता. पट्टे सैल बांधणारे आम्हीच होतों. त्यानंतर पिशव्यांच्या आंतल्या बाजूस लोखंडी कमान बसवून घेतली. येथें आपल्या देशांतील एका नियमाची मदत झाली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाप्रमाणें मागें बसणाऱ्याचे कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारी जाळी लावावी लागते. हिला सर्वजण ‘साडी गार्ड’ म्हणतात. कित्येक हौशी तरुण ती कुरूप म्हणून काढून टाकतात. आमच्या सौभाग्यवतींच्या पदरासाठीं लावलेल्या त्या जाळीनेंच डाव्या पिशवीला चाकापासून दूर धरलें. या जाळीचें ऋण पुढें आणखी वाढावयाचें होतें.

आतां पाण्याचा प्रश्न. पिशवीवर ‘हजार डेनिअर’ असे आंकडे लिहिलेले असतात व दुकानदार ते मोठ्या अभिमानानें वाचून दाखवितो. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर सुताचें ग्रॅममधील वजन. आंकडा मोठा तर सूत जाड, कापड टिकाऊ. पण जाड म्हणजे जलरोधक नव्हे. कापडानें पाणी अडविलें तरी शिवणीच्या सुईनें पाडलेल्या शेंकडों छिद्रांतून तें आंत येतें. यावर दोन उपाय आहेत. एक, पिशवीवर पावसाळी आवरण चढविणें, हें स्वस्त. दुसरा, ताडपत्रीसारख्या लेप दिलेल्या कापडाची, शिवणीऐवजीं उष्णतेनें सांधलेली पिशवी घेणें. तिचें तोंड तीन-चार वेळां गुंडाळून मग बकल लावावयाचें. ही महाग. आम्हीं काय करावें? देवांसाठीं सांधलेली पिशवी घेतली, आणि आपल्या कपड्यांसाठीं आवरणाचीच जोडी पुरे असें ठरविलें. काटकसर केली ती आपल्या बाबतींत, देवांच्या नव्हे, अशी मनाची समजूत घातली.

‘डोळ्यांसमोर’ या आईच्या अटीचें उत्तर पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीनें दिलें. ही पिशवी चालकाच्या पुढ्यांत, दोन्ही चाकांच्या मध्यें असते. म्हणून तेथें धक्के कमी लागतात, तोल बिघडत नाहीं, आणि उतरतांना पट्टे सोडून ती कांखेस मारतां येते. अडचण एवढीच कीं पेट्रोल घेतांना दर वेळीं ती उचलावी लागते. आम्हीं आदल्या रात्रींच टाकी भरून ठेवली. आईनें पांचही देव तांब्याच्या संपुष्टांत ठेवले व रिकाम्या जागेंत धुऊन वाळविलेले तांदूळ भरले. संपुष्ट हालवून पाहिला. आवाज आला नाहीं. “वाजतां कामा नये,” ती म्हणाली. धक्का शोषून घेणें, ओल टिपणें आणि अक्षता होणें, हीं तिन्ही कामें त्या तांदुळांनीं केलीं. संपुष्ट धाबळींत गुंडाळून तिनें स्वतः पिशवीचें तोंड गुंडाळलें, आणि मग कांहीं न बोलतां रिकाम्या देवघराची समई लावली.

पहाटे पांच वाजतां निघालों. मागील चाकांत दोन माणसांस सांगितलेल्या मापाची हवा भरली होती आणि मागल्या स्प्रिंगा दोन खांचा घट्ट केल्या होत्या. हीं दोन कामें न करितां पिशव्या कितीही उत्तम घेतल्या तरी व्यर्थ होत. खंबाटकी ओलांडून, सातारा मागें टाकून उंब्रजपाशीं महामार्ग सोडला आणि पाटणचा रस्ता धरला. भातखाचरांत लावणीची लगबग होती. पाटणला चहासाठीं उतरलों तेव्हां पिशवी बरोबर घेतली. हॉटेलवाल्यानें बाक दाखविलें. सौभाग्यवतींनीं पिशवी बाकावर न ठेवतां मांडीवर घेतली. त्यानें एकवार पाहिलें आणि टेबल पुसण्याचें फडकें दूर नेलें. न सांगतां कळणाऱ्या गोष्टी आपल्याकडे अजून शिल्लक आहेत.

कोयनानगरपासून पाऊस लागला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानें हादरलेला हा प्रदेश आतां हिरव्यागार शांततेंत बुडालेला होता. महाबळेश्वरीं उगम पावून देशावर जाणारें कोयनेचें पाणी येथें धरणानें अडवितात आणि त्यांतील पुष्कळसें डोंगराच्या पोटांतील बोगद्यांनीं पश्चिमेस पोफळीकडे उतरवितात. वीज देऊन झाल्यावर तें वाशिष्ठीला मिळतें. पूर्वेकडे निघालेलें पाणी कोंकणांत पोंचतें, हें आम्ही शाळेपासून वाचीत आलों होतों. त्या दिवशीं मात्र पुढ्यांतल्या पिशवीकडे पाहून त्याचा निराळा अर्थ मनांत आला.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर ढग रस्त्यावरच उतरले होते. वेग वीस किलोमीटरांवर आला. दोन वळणें उतरलों असूं नसूं, तोंच मागून खांद्यावर थाप पडली. “अहो, थांबा. डावीकडे कांहींतरी फडफडतंय.” कठड्याजवळ जागा पाहून गाडी उभी केली. डाव्या पिशवीचें पावसाळी आवरण वाऱ्यानें फुगून सुटलें होतें आणि त्याची लवचिक दोरी खालीं ओघळून चाकाशीं खेळत होती. जाळीच्या एका गजाला ती अडकून राहिली होती, म्हणून आंत ओढली गेली नाहीं. त्या उतारावर मागलें चाक एकाएकीं जखडलें असतें तर काय झालें असतें, याचें चित्र आम्हां दोघांच्याही डोळ्यांपुढें आलें. पण बोललें कोणीच नाहीं. समोर दरी दिसत नव्हती, नुसता पाण्याचा आवाज येत होता. आम्हीं दोन्ही आवरणें काढून घडी करून आंत कोंबलीं. कपडे भिजणार हें नक्की झालें. पुढ्यांतली पिशवी चांचपून पाहिली. वरून पाणी निथळत होतें, बकल घट्ट होतें. तशींच पुढें निघालों.

पोफळी, अलोरें, मग चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या महापुरानें बाजारपेठेंत जेथवर पाणी चढलें होतें त्याच्या खुणा भिंतींवर अद्याप दिसत होत्या. मार्गताम्हाणें मागें पडलें आणि तांबड्या मातीचा तो वास आला, जो एकोणचाळीस वर्षांत आम्हीं दुसरीकडे कोठेंही घेतला नव्हता. पुण्यापासून पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा हा रस्ता. आम्हांस सारा दिवस लागला.

काकू ओसरीवर उभ्या होत्या. पाठ वांकलेली, पण नजर तीच. पाया पडावयास वांकलों तों त्यांनीं हातानेंच थांबविलें आणि पिशवीकडे बोट दाखविलें. पुतण्यानें पाट मांडला. आम्हीं ओल्या हातानें बकल सोडूं लागलों, तेव्हां त्या म्हणाल्या, “थांब. मी सोडतें.” धाबळी निघाली, संपुष्ट उघडला. त्यांनीं तांदुळांत बोटें घातलीं आणि मूठभर उचलून पुन्हां खालीं सोडले. ते दाणा दाणा सुटे होऊन पडले. “कोरडे आहेत,” त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानें, देवांकडेच पाहत, “जाऊबाईंनीं भरलेत ना तांदूळ? तिची सवय मला ठाऊक आहे. डबा वाजूं द्यायची नाहीं.”

देवघरांत गेलों. मधलें ताम्हन एकोणचाळीस वर्षें रिकामें होतें, पण घांसलेलें होतें. रोज घांसलें जात होतें.

आमच्या दोन्ही पिशव्यांतून पाणी ओतावें लागलें. एकही वस्त्र कोरडें नव्हतें. काकूंनीं पेटी उघडून काकांचें धोतर आमच्या हातीं दिलें आणि आपलें नऊवारी सुनेच्या. ती पहिलीच वेळ, कीं सौभाग्यवतींना त्या घरांत कोणी ‘सूनबाई’ म्हणून हांक मारली. आमच्या काटकसरीचा आम्हांस त्या रात्रीं पश्चात्ताप झाला नाहीं. कपडे कोरडे असते तर तें धोतर पेटींतच राहिलें असतें. तथापि हा योग वाचकांनीं नियम समजूं नये. आवरणांवर विसंबूं नये. तीं वाऱ्यानें फुगतात. सांधलेली पिशवी घ्यावी, तें न परवडल्यास आंतून जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचें तोंड बांधावें. अंकुड्यांच्या रबरी दोऱ्यांनीं सामान आवळूं नये. त्या निसटल्या तर डोळ्यांवर येतात किंवा चाकांत जातात. रुंद, सपाट, बकलाचे पट्टे वापरावे व त्यांचीं लोंबतीं टोकें आंत खोंवावीं. दर थांब्यावर एकदां गाडीभोवतीं फेरी मारावी. मागचा दिवा, वळणाचे दिवे व गाडीचा क्रमांक सामानानें झांकूं नये. आणि मागें बसलेलें माणूस खांद्यावर थाप मारील तर कारण न विचारतां थांबावें.

तीन दिवसांनीं निघालों तेव्हां टाकीवरची पिशवी रिकामी होती. ती घडी करून ठेवावी म्हणून उचलली, तों काकूंनीं ती हातांतून घेतली. आंत आमसुलें, फणसपोळी आणि कुळिथाच्या पिठाची पुरचुंडी घातली. तोंड तीन वेळां गुंडाळलें. “जाऊबाईंना द्या,” त्या म्हणाल्या. “आणि सांगा, आषाढ गेला कीं गाडी पाठवतें. तिनं येऊन देवांना एकदां बघून जावं.”

पडशीला दोन तोंडें कां असतात, हें त्या दिवशीं कळलें. एका बाजूस घालून न्यावें, दुसऱ्या बाजूस घालून आणावें. नाहींतर तोल राहत नाहीं.